एकोणतीस किलो

गेले तीन शनिवार आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. सतरंजीवर एका बाजूला रेनकोट, तंबू, स्लीपिंग बॅग, छोटा स्टोव्ह. दुसऱ्या बाजूला पाने, ट्यूबा, क्लचची केबल, चेनला मारायचा स्प्रे. आणि मधोमध मी, मांडीवर लॅपटॉप घेऊन. बेत आहे पुणे ते धनुष्कोडी आणि परत, दहा दिवस, मोटारसायकलवरून. यादी अर्थातच एक्सेलमध्ये आहे (सॉफ्टवेअरवाल्याकडून दुसरी काय अपेक्षा?), चार रंगांत, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅममध्ये. परवा त्या रकान्याची बेरीज मारली. एकोणतीस किलो दोनशे ग्रॅम. पाणी आणि मी सोडून.

बायकोने आकडा बघितला आणि म्हणाली, "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही एवढं सामान नव्हतं." असो.

वजनाचं एवढं मनावर घ्यायला कारण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र, दोघं एकाच गाडीवर तळकोकणात जाऊन आलो होतो. येताना आंबोली घाट चढत होतो. मागच्या कॅरिअरवर मी एक भलीमोठी बॅग बंजीने आवळून बांधलेली, तिच्यावर सावंतवाडीला घेतलेल्या लाकडी खेळण्यांचं खोकं, आणि खोक्यावर काजूची पिशवी. सकाळपासून हँडल हलकं हलकं लागत होतं. मला वाटलं, वा, काय मस्त चाललीये गाडी! एका वळणावर मी हँडल वळवलं आणि गाडी मात्र आपल्याच नादात सरळ निघाली. कडेची बारीक खडी लागली आणि आम्ही दोघं आडवे. वेग अगदीच कमी होता म्हणून निभावलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याचं डावं मनगट मोडलं.

तो तबला वाजवायचा. वाजवतो अजूनही, पण मनगटात पट्टी बसवल्यापासून डग्ग्यावरची मींड पूर्वीसारखी निघत नाही. हे तो स्वतः कधी म्हणत नाही, पण ज्यांनी त्याला आधी ऐकलंय त्यांना कळतं. मला बोल त्याने एकदाही लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं.

नक्की काय झालं याचं गणित मी नंतर घरी बसून केलं. शाळेतल्या तरफेचंच आहे. गाडीच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर १४० सेंमी धरा. मागच्या चाकाच्या मध्याच्या ३५ सेंमी मागे २० किलोची बॅग बांधली, तर मागच्या चाकावर २० नव्हे, २५ किलो वाढतात. हे जास्तीचे पाच आले कुठून? पुढच्या चाकावरून उचलले गेले. पुढचं चाक रस्त्याला धरून ठेवतं ते त्याच्यावरच्या वजनामुळे. त्यात मागे बसलेला माणूस, त्यात घाटाचा चढ (चढावर सगळंच वजन मागे सरकतं), आणि त्यावर काजू. थोडक्यात, मला जी "मस्त हलकी" वाटत होती ती गाडी वळायच्या कामातून हळूहळू अंग काढून घेत होती.

म्हणून या वेळी सामान बांधायच्या आधी वाचायला बसलो. ज्यांनी खरोखर लांबचे पल्ले मारले, महिने नि वर्षं फटफटीवर काढली, त्यांनी निघताना काय बरोबर घेतलं होतं? आणि त्यातलं कामाला काय आलं? असल्या प्रवासांची पुस्तकं पुष्कळ आहेत. पण बहुतेकांत निघायची तयारी दोन-चार पानांत उरकलेली असते, कारण वाचकाला वाळवंट हवं असतं. मला नेमकी ती दोन-चार पानं हवी होती.

सुरुवात वाईट उदाहरणापासून करतो, कारण ते सगळ्यात माझ्यासारखं आहे. १९५१ च्या डिसेंबरअखेर अर्जेंटिनातल्या कोर्दोबाहून दोन मित्र निघाले. एक आल्बेर्तो ग्रानादो, जीवरसायनशास्त्रज्ञ. दुसरा २३ वर्षांचा वैद्यकीचा विद्यार्थी, एर्नेस्तो गेव्हारा, जो पुढे "चे" म्हणून जगाला माहीत झाला. गाडी १९३९ सालची ५०० सीसीची नॉर्टन, नाव "ला पोदेरोसा", म्हणजे "बलवती". त्या बलवतीवर दोन दांडगे पुरुष, तंबू, पथाऱ्या, पिशव्या, आणि सुरुवातीला चक्क एक कुत्र्याचं पिल्लू! (ते एर्नेस्तोच्या मैत्रिणीला भेट द्यायचं होतं.) एर्नेस्तोच्या रोजनिशीत या ओझ्याची तक्रार आहे: वजन मागे इतकं की जरा लक्ष हललं की पुढचं चाक उचललं जातं. हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तक मिटून पाच मिनिटं नुसता बसलो होतो. गाडी वाटेत पडत राहिली, सांगाड्याचे भाग तुटत आणि जोडले जात राहिले, आणि चिलीत शिरल्यावर ती मोडलीच. ट्रकवर घालून सान्तियागोला नेली आणि १९५२ च्या मार्चच्या सुमारास तिथेच सोडून दिली. पुढचा बहुतेक सगळा दक्षिण अमेरिका खंड त्यांनी ट्रक, बोटी आणि लोकांच्या मेहेरबानीवर पाहिला. ज्याला जग "मोटारसायकलचा प्रवास" म्हणतं, त्यात मोटारसायकल सुरुवातीचे दोन-अडीच महिनेच होती. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आता खरा माझा आवडता माणूस. रॉबर्ट एडिसन फुल्टन (ज्युनिअर). जन्म १९०९, अमेरिकन, हार्वर्डमधून बाहेर पडून व्हिएन्नाला वास्तुशास्त्र शिकत होता. १९३२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये एका घरी जेवणाचं आमंत्रण होतं. गप्पांत कुणी तरी सहज विचारलं, आता काय, बोटीने घरी परतणार असशील? पठ्ठ्याने काहीतरी भारी बोलायचं म्हणून ठोकून दिलं की छे, मी मोटारसायकलवरून जगाला वळसा घालून जाणार आहे. (आपण सगळेच जेवणाच्या टेबलावर असलं काहीतरी बोलतो.) दुर्दैवाने की सुदैवाने, त्याच टेबलावर डग्लस मोटारसायकल कंपनीतले एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, वा, मग गाडी आम्ही देतो! झालं. चारचौघांसमोर बोललेला शब्द, आता माघार कुठली?

फुल्टनने तयारी काय केली ते बघा. डग्लसचं इंजिन दोन सिलिंडरचं, आडवं निजलेलं, त्यामुळे वजन मुळातच खाली. त्याने चाकं अशी करून घेतली की त्यांना मोटारगाडीचे टायर बसतील. का? कारण १९३२ साली बगदादमध्ये किंवा सुमात्रात मोटारसायकलचा टायर मिळायची काय शाश्वती? मोटारगाडी मात्र तोवर बहुतेक शहरांत पोचली होती, आणि जिथे मोटार आहे तिथे टायर आहे. म्हणजे त्याने दोन जादा टायर गाडीला बांधून नेण्याऐवजी गाडीच अशी बदलली की तिला लागणारी वस्तू वाटेतल्या दुकानात असावी. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. आमच्या धंद्यातही असंच असतं. प्रोग्रॅमला लागणारी प्रत्येक गोष्ट बरोबर गुंडाळून न्यायची, की जे सगळीकडे आधीपासूनच बसवलेलं असतं त्याच्यावर भागेल असा प्रोग्रॅम लिहायचा? पहिला मार्ग सोपा, दुसऱ्याला आधी विचार करायला लागतो.

त्याच्याकडे एक रिव्हॉल्व्हरही होतं. ते त्याने लपवलं कुठे, तर इंजिनखाली दगड लागू नयेत म्हणून जो पत्रा असतो त्या पत्र्याच्या आणि इंजिनाच्या मधल्या फटीत. सीमेवरच्या शिपायाला सापडू नये म्हणून जागा उत्तमच. पण वाटमारी झालीच असती तर दरोडेखोराला म्हणायला लागलं असतं, "दादा, जरा गाडी आडवी करायला हात लावता का?" :-) म्हणजे एवढं वजन जगभर वाहून नेलं ते निव्वळ मनाच्या समाधानासाठी. माझ्या यादीत त्याचे भाऊबंद किती आहेत हे तेव्हा लक्षात यायला लागलं.

आणि सिनेमाचा कॅमेरा. प्रवासभरात त्याने सुमारे ४०,००० फूट फिल्म घेतली. ३५ मिमीच्या हजार फुटांचं वजन अडीच किलोच्या आसपास धरलं तर ही शंभर किलो होते. एवढी एका वेळी त्या गाडीवर राहणं शक्यच नाही. अर्थात फिल्म वाटेत मिळवायची आणि वापरलेली पुढे पाठवून द्यायची हे ओघानेच आलं. पुन्हा तेच, ओझं गाडीवर नाही, रस्त्यावर.

तुर्कस्तान, सीरिया, इराक, तेव्हाच्या हिंदुस्थानातली वायव्य सरहद्द आणि वझिरिस्तान, मग आग्नेय आशिया, चीन, जपान असं करत २४ डिसेंबर १९३३ ला, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, हा माणूस न्यूयॉर्कला घरी पोचला. दीड वर्ष. त्यावरचं त्याचं "वन मॅन कॅरव्हान" हे पुस्तक १९३७ साली निघालं. पुढे त्याने पंख काढून ठेवले की मोटार होणारं विमानही बनवलं. ते वेगळं प्रकरण आहे, पुन्हा कधीतरी.

फुल्टनवर इतका खूश झालो की यादीतल्या निम्म्या गोष्टी तिथल्या तिथे लाल केल्या. पण मग थेरेसा वॉलकची गोष्ट वाचनात आली आणि पुन्हा घोळ झाला.

थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोन इंग्रज मुली. थेरेसाचाही जन्म १९०९ चाच. ती शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या नॉर्थॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंग शिकलेली. फ्लॉरेन्स ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर मोटारसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवणारी. दोघींनी ठरवलं की लंडनहून केपटाउनला जायचं. मधे काय आहे? सहारा. ११ डिसेंबर १९३४ ला त्या निघाल्या. गाडी ६०० सीसीची पँथर. तिचं एकच अगडबंब सिलिंडर पुढे तिरकं झुकलेलं असतं आणि ते इंजिनच सांगाड्याच्या एका दांड्याचं काम करतं. ओझं ओढण्याबद्दल या गाड्यांची ख्याती होती, आणि इथे तर काय, बाजूला साइडकार आणि मागे ट्रेलर! सगळा संसारच बरोबर. फुल्टनच्या अगदी उलटं.

पण विचार केला तर बरोबरच आहे. फुल्टनची युक्ती चालते ती वाटेत दुकान असेल तर. सहारात दुकान कुठलं? पाणी, पेट्रोल, खाणं, सगळं आपलं आपण. मग साइडकार लागणारच, ट्रेलरही लागणारच. आणि एवढं सगळं घेऊन निघालेल्या या दोघींकडे होकायंत्र मात्र नव्हतं! सहारा त्यांनी होकायंत्राविना ओलांडला. हे वाचून मी मोबाइल, मोबाइलचा स्टँड, जादा मोबाइल आणि छापील नकाशा या माझ्या यादीतल्या चार ओळींकडे बराच वेळ बघत होतो.

आणि एवढं सगळं नेऊनही मोडायचं ते मोडलंच. अगादेझच्या अलीकडे, आजच्या नायजर देशात, इंजिनाचं बिग एंड गेलं. पिस्टनचा दांडा जिथे क्रँकला जोडलेला असतो तिथलं बेअरिंग. हे जाणं म्हणजे ठिगळ लावून भागण्यातलं काम नाही, इंजिन सबंध उघडायलाच लागतं. स्थानिक लोकांच्या मदतीने ती गाडी वाळूतून ओढत मैलोगणती नेली. अगादेझला पोचल्यावर इंजिन खोलून पुन्हा उभं केलं आणि पुढे चालू लागल्या. २९ जुलै १९३५ ला त्या केपटाउनला पोचल्या. साडेसात महिन्यांच्या वर.

हे इंजिन उघडून परत बसवण्याचं ज्ञान कुठल्या खोक्यात भरलं होतं? त्याचं वजन किती लिहायचं माझ्या रकान्यात? शून्य ग्रॅम. मला मात्र साधी मागची ट्यूब बदलायला आजही दीड तास लागतो आणि एक तरी नट उरतो.

थेरेसा नुसती तेवढ्यावर थांबली नाही हेही सांगतो. १९३९ साली तिने स्वतःही ब्रुकलँड्सला ताशी शंभर मैलांचा आकडा ओलांडला, महायुद्धात सैन्यात होती, नंतर अमेरिकेत स्थायिक होऊन आधी गाड्या विकण्या-दुरुस्तीचं दुकान आणि मग लोकांना मोटारसायकल शिकवायची शाळा काढली. १९९९ मध्ये वारली. सहाऱ्याच्या प्रवासाचं तिचं पुस्तक, "द रगेड रोड", छापून आलं तेव्हा २००१ साल उजाडलं होतं. लेखिका जाऊन दोन वर्षं झालेली.

आता थोडं भरभर. टेड सायमन हा पत्रकार ६ ऑक्टोबर १९७३ ला लंडनहून ट्रायम्फची ५०० सीसीची गाडी घेऊन निघाला. त्याच दिवशी अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि त्याचा रस्ता इजिप्तवरून जात होता! चार वर्षं, ४५ देश. तोही हिंदुस्थानात आला होता, आणि इथेच एका लग्नात कुणी भविष्य सांगणाऱ्याने त्याला सांगितलं की तू म्हणजे गुरू ग्रह आहेस. म्हणून पुस्तकाचं नाव "ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स". सायमनने एक गोष्ट फार छान मांडली आहे. गाडी बंद पडणं, अडकणं, थांबायला लागणं, याला तो खोळंबा समजत नाही, तोच प्रवास समजतो. हे पटतं. पण हे वाक्य मी आंबोलीच्या बाबतीत त्या मित्राला ऐकवू शकत नाही.

एल्स्पेथ बेअर्ड, २३ वर्षांची, ही पण वास्तुशास्त्राचीच विद्यार्थिनी (या मंडळींचं आणि मोटारसायकलचं काय आहे कोण जाणे). १९८२ मध्ये १९७४ सालची बीएमडब्ल्यू घेऊन एकटीच जगप्रदक्षिणेला निघाली. सिडनीला पोचेपर्यंत पैसे संपलेले. तिथे सात महिने एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नोकरी केली, आणि त्या काळात स्वतःच्या हाताने ॲल्युमिनियमचे कुलूपबंद डबे बनवून गाडीला बसवले. आज दुकानात जे चकचकीत चौकोनी डबे साठ-सत्तर हजारांना मिळतात ना, त्यांचीच ही घरगुती भावंडं. तर असे भक्कम डबे असूनही सिंगापूरला तिच्या मौल्यवान वस्तू चोरीला गेल्या, पासपोर्टासकट! सगळे व्हिसा त्यातच. ते सगळं पुन्हा जमवण्यात दीड महिना गेला. सगळ्या सामानात वजनाला सर्वांत कमी काय, तर कागद. आणि दीड महिना अडवला तो त्यांनीच. (परदेशी गाडी नेणाऱ्यांना आणखी एक कागद लागतो, "कार्ने" नावाचं पुस्तक. प्रत्येक सीमेवर त्यातलं पान फाडतात, शिक्का मारतात, आणि गाडी आपण तिथे विकून येणार नाही याची हमी म्हणून मोठी रक्कम अडकून पडते. आपल्याकडे हे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. मला धनुष्कोडीला नको आहे, पण माहीत असलेलं बरं.)

आणि शेवटी २००४. इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला गेले, त्याची मालिका "लाँग वे राउंड" आमच्या पिढीच्या कितीतरी जणांनी पारायणं करून बघितली. आमच्या ऑफिसात त्या मालिकेपायी चार जणांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या, त्यातला एक मी. त्यांची तयारी म्हणजे काय विचारता! लंडनमध्ये जागा घेऊन महिनोन् महिने चाललेली. तीन मोठ्या जर्मन गाड्या, डबे, बरोबर मदतीच्या चारचाकी. मंगोलियात पोचल्यावर तिसऱ्या गाडीचा, म्हणजे कॅमेरामन क्लॉडिओ फॉन प्लांटाच्या गाडीचा सांगाडाच तडकला. एकाने वेल्डिंग करून दिलं, तर ब्रेकची इलेक्ट्रॉनिक्स गेली. मग काय केलं? गाडी ट्रकवर घातली, आणि क्लॉडिओने तिथेच एक छोटी लाल रशियन मोटारसायकल विकत घेतली. तीही वारंवार बंद पडायची. पण ती बंद पडली की वाटेतला कुणीतरी मंगोल गडी यायचा, उकिडवा बसायचा, आणि सुरू करून द्यायचा. फुल्टनच्या टायरचीच गोष्ट, बहात्तर वर्षांनंतर.

(मोटारसायकल नाही, पण वजनावरून आठवलं म्हणून सांगतो. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली, मार्च १९२८ मध्ये परतले. ७१,००० किलोमीटर. ही सगळी मंडळी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची! वजन कसं पेलायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.)

हे सगळं वाचून झाल्यावर गेल्या रविवारी बाबा घरी आले. सतरंजीवरचा बाजार बघून चष्मा वर केला. बाबांकडे ऐंशीच्या दशकात येझदी होती, तिच्यावरून आईला घेऊन ते पुण्याहून गोव्याला जाऊन आलेले आहेत. मी विचारलं, "बाबा, तुम्ही काय काय नेलं होतं हो?"

"काय नेणार? दोन प्लग, एक पाना, सुतळी. आणि क्लचची केबल."

"केबल कशात ठेवली होती?"

"ठेवली कुठे? जुन्या केबलच्या शेजारूनच घालून ठेवायची, टेप लावून. तुटली की नुसती टोकं जोडायची. रस्त्यात सीट काढून कोण बसणार?" मग माझा स्टोव्ह उचलून म्हणाले, "अरे, हा कशाला? कर्नाटक-तमिळनाडूत इडली मिळत नाही का?"

स्टोव्ह गेला. त्याचं भांडं गेलं, गॅसचा डबा गेला. दहा दिवसांचे दहा टी-शर्ट होते, त्याचे तीन झाले (तमिळनाडूत दोरीवर तासाभरात वाळतात म्हणे). जादा मोबाइल गेला, चार्जर तीनाचा एक झाला. कुऱ्हाड गेली. हो, एक छोटी कुऱ्हाड होती, कृपया विचारू नका. फुल्टनच्या रिव्हॉल्व्हरच्या जातीतली. चेनचा स्प्रे ठेवला, पण लहान बाटली. ट्यूब, टायर लिव्हर, पंप हे राहिले, कारण घाटात रात्री पंक्चरवाला भेटेलच असं नाही. क्लचची केबल बाबांनी स्वतः बसून शेजारून घातली. कागदांच्या प्रती दोन ठिकाणी, एक बॅगेत, एक जाकिटाच्या आत. आणि त्याच दुपारी बाबांच्या देखरेखीखाली मागची ट्यूब सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढून-घालून तीनदा. तिसऱ्या खेपेला चाळीस मिनिटं लागली आणि नट उरला नाही.

मग बांधाबांध. जड पाने टाकीवरच्या बॅगेत, म्हणजे दोन चाकांच्या मध्ये. बाकीचं दोन बाजूंच्या पिशव्यांत, शक्य तेवढं खाली आणि मागच्या चाकाच्या मध्याच्या पुढे. डावी-उजवी वजनकाट्यावर घालून सारखी केली. कॅरिअरवर फक्त स्लीपिंग बॅग आणि तंबू, कारण दोन्ही मऊ आणि हलके. टायरमधली हवा पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी दिली आहे तेवढी. बेरीज आली अठरा किलो नऊशे.

या वेळी तो मित्र येतोय. स्वतःच्या गाडीवर. तीन आठवडे रोज एक मेसेज यायचा, "मागे काय बांधलंस?" एवढाच. काल संध्याकाळी घरी आला. मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडला, तर म्हणाला, "ते राहू दे रे. खाली चल."

पार्किंगमध्ये त्याने गाडी मेन स्टँडवरून उतरवली, हँडल धरून डावी-उजवीकडे दोन-तीनदा हलवून बघितली. मग मागे गेला. डावा तळहात कॅरिअरवर ठेवून खाली दाब दिला आणि पुढच्या चाकाकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. पुन्हा एकदा दाबलं.

"तंबू काढ," तो म्हणाला.

काढला. दोन किलो आठशे ग्रॅम.